नागपूर महापालिकेची निवडणूक दिल्लीचा आयोग घेतो का? आणि आयुक्त नेमतं कोण?

नाही. दोन वेगळे आयोग आहेत. लोकसभा, विधानसभा, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती हे राज्यघटनेच्या कलम 324 खाली भारत निवडणूक आयोगाकडे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत मुंबईच्या राज्य निवडणूक आयोगाकडे, कलम 243के आणि 243झेडए खाली. त्याचा आयुक्त राज्यपाल नेमतात.

केंद्राच्या आयुक्तांची नेमणूक 2023 च्या कायद्याने होते. कायदामंत्र्यांची शोध समिती पाच नावं काढते, मग पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि पंतप्रधानांनी सुचवलेला एक केंद्रीय मंत्री निवड करतात, सही राष्ट्रपतींची. तिघांत दोघे सरकारचेच, म्हणून वाद. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा होईपर्यंत समितीत सरन्यायाधीश ठेवले होते; कायद्याने त्यांची जागा मंत्र्याला दिली. मुदत 6 वर्षं किंवा वयाची 65, जे आधी येईल ते. मुख्य आयुक्तांना काढायला सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखीच प्रक्रिया लागते. इतर दोन निवडणूक आयुक्तांना मुख्य आयुक्तांच्या शिफारशीशिवाय काढता येत नाही. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो.

गोंधळ होतो तो मतदार यादीत. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतो. प्रतापनगरच्या माणसाचं नाव शेजारच्या प्रभागात गेलं तर प्रारूप यादीच्या मुदतीतच महापालिकेकडे हरकत द्या. पण नाव विधानसभेच्या यादीतच नसेल तर झोन ऑफिसात भांडून काही होत नाही. फॉर्म 6 (मतदार म्हणून नाव नोंदवायचा अर्ज) भरा, तोही प्रभाग याद्यांसाठी ठरलेल्या तारखेच्या आधी.