वॉशिंग्टन आडनावाचा माग काढायचा तर

जॉर्ज वॉशिंग्टनपासून सुरुवात करून खाली येऊ नका. नक्की माहीत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जा. आडनाव एक म्हणून घराणं एक, असं इथे मुळीच नसतं.

हे मूळचं गावाचं नाव. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न यांनी इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅमजवळ वॉशिंग्टनची जहागीर घेतली आणि तेच नाव लावलं. पुढे एक शाखा इंग्लंडातल्याच सुलग्रेव्ह गावी आली. तिच्यातले जॉन, म्हणजे जॉर्ज यांचे पणजोबा, १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात स्थायिक झाले.

तारखा मात्र फार जपून उतरवा. १७५२ पूर्वी इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. जॉर्ज यांचा जन्म घरच्या बायबलात ११ फेब्रुवारी १७३१/२ असा नोंदलाय, दोन्ही वर्षं घालून! १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना अकरा दिवसांचाही फरक पडला, म्हणून आजच्या हिशेबाने तो २२ फेब्रुवारी १७३२. मी स्वतः अशाच एका नोंदीत वर्ष चुकवून बापलेकांची गल्लत केली होती. कागदावर आहे तसंच उतरवा, हिशेब शेजारी लिहा.

आणि एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. २००० च्या जनगणनेत अमेरिकेतले सुमारे ९० टक्के वॉशिंग्टन कृष्णवर्णीय होते. गुलामीतून सुटल्यावर अनेकांनी हे नाव स्वतः निवडलं. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तर शाळेत हजेरीच्या वेळी. अशा घराण्याचा माग इंग्लंडात शोधू नका. गुलामी संपल्यानंतरची पहिली, १८७० ची जनगणना पाहा, मग मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी ब्यूरोचे कागद, आणि त्याआधीची मालकांची मृत्युपत्रं आणि त्यांच्या मालमत्तेच्या याद्या. तिथे माणसं नुसत्या पहिल्या नावाने, किमतीसकट लिहिलेली सापडतील. तीही नीट उतरवून घ्या.