औरंगजेबाला दक्षिणेतलं युद्ध का झेपलं नाही?
एवढा बलाढ्य बादशहा १६८१ पासून १७०७ पर्यंत इथं अडकून खंक कसा झाला, असं विचारलंय. आम्हा सातारकरांना उत्तर अजिंक्यताऱ्यावरच सापडतं. वेढा पडला डिसेंबर १६९९ ला, किल्ला मिळाला एप्रिल १७०० मध्ये. मधे मोगलांचाच सुरुंग त्यांच्याच माणसांवर उलटला. पण खरी मेख रसदीत. छावणीचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून यायचं, आणि मराठे नेमके तेच तांडे गाठायचे. पावसाळ्यात परतताना कृष्णेला पूर, जनावरं मेलेली, शिपायांचे पगार थकलेले. मनसबदारांना, म्हणजे बादशाही सरदारांना, जहागिरी मिळायच्या त्या बऱ्याचदा कागदावरच, वसूल हाती लागत नसे. बादशहाने ‘आझमतारा’ नाव दिलेला हा किल्लाही काही वर्षांत मराठ्यांनी परत घेतला.