रिंग बफरच्या कोडला हात लावण्याआधी

सप्रेम नमस्कार,

हायपर-व्ही ही मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली; तिच्या व्हीएमबस चॅनेलचा, म्हणजे होस्ट (मूळ यंत्रणा) आणि गेस्ट (तिच्यात चालणारे व्हर्च्युअल मशीन) यांच्यातील संवादमार्गाचा, लिनक्समधील कोड नीटनेटका करणारे तुझे पॅच (कोडमधील बदल) मी सावकाश वाचले. या कोडला अशा कामाची जुनी सवय आहे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो लिनक्सला दिला, तेव्हा तो सुमारे वीस हजार ओळींचा होता आणि त्याला आधी स्टेजिंग या अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या विभागात ठेवण्यात आले. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) शैलीशी न जुळणारी नावे आणि अनावश्यक आवरण-फंक्शने काढण्यात पुढे बराच काळ गेला. तू तेच काम पुढे नेत आहेस, याचा मला मनापासून आनंद आहे.

नावे, ओळींचे समास आणि न वापरलेली फंक्शने यांबद्दलचे पॅच चांगले आहेत. माझी हरकत चौथ्या पॅचला आहे. रिंग बफरमध्ये, म्हणजे होस्ट आणि गेस्ट ज्यातून डेटा देतात-घेतात त्या चक्राकार सामायिक मेमरीत, लिहिणाऱ्या फंक्शनमधील मेमरी बॅरियर (मेमरीतील लेखनांचा क्रम पक्का करणारी सूचना) तू 'निरुपयोगी' म्हणून काढला आहेस. आधी डेटा रिंगमध्ये उतरतो, मग बॅरियर येतो आणि त्यानंतरच लेखन-निर्देशांक पुढे सरकतो. होस्ट तो निर्देशांक पाहूनच वाचायला येत असल्यामुळे, निर्देशांक डेटाच्या आधी दिसला तर होस्टच्या हाती जुने बाइट पडतील. एक्स८६ प्रोसेसर साधारण लेखनांचा क्रम पाळतो, म्हणून तुझ्या यंत्रावर चाचणी निर्विघ्न पार पडली. एआरएम प्रोसेसर ती हमी देत नाही आणि हाच ड्रायव्हर तेथेही चालतो.

सामायिक मेमरीतील मूल्य आधी स्थानिक चलात घेऊन मग तपासण्याची पद्धतही तुला लांबण वाटली आहे. पण मेमरीची ती पाने (ठराविक आकाराचे तुकडे) होस्ट कधीही बदलू शकतो. पॅकेटची लांबी तपासताना एक आणि वापरताना दुसरी निघाली, तर तपासणीला अर्थच उरत नाही. पूर्वी होस्टवर विश्वास गृहीत धरला जाई. गोपनीय व्हर्च्युअल मशीनमध्ये, जिथे होस्टपासूनही डेटा लपवायचा असतो, तो धरता येत नाही, आणि म्हणूनच २०२१ पासून येणारे पॅकेट रिंगमधून खासगी बफरमध्ये उतरवून घेतले जाते. ही नक्कल टाळण्याचा मोह मलाही झाला असता, पण ती तशीच राहू दे.

होस्टसोबत वाटलेल्या स्ट्रक्चरमधील राखीव फील्ड काढू नयेत, त्यांचा क्रमही बदलू नये, कारण तो आपल्या एकट्याचा कोड नसून दोन पक्षांमधला करार आहे. होस्टच्या ४०९६ बाइटच्या पानासाठी असलेल्या वेगळ्या स्थिरांकाच्या जागी कर्नलचा नेहमीचा पान-आकार टाकणे हीही त्याच जातीची चूक. एआरएमवर गेस्टचे पान ६४ किलोबाइटचे असू शकते, होस्टच्या पानाएवढे नव्हे.

वाचताना तुला एक खरा दोषही सापडला आहे, पण त्याची दुरुस्ती तू नामांतराच्या पॅचमध्ये मिसळली आहेस. ती वेगळी काढ, मालिकेच्या आरंभी ठेव आणि दोष कोणत्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) आला ते संदेशात लिही, म्हणजे ती जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्येही एकटीच नेता येईल. प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे कंपाइल झाला पाहिजे, नाहीतर पुढे कोणी बायसेक्ट करत, म्हणजे बदलांची यादी निम्मी-निम्मी करत दोष शोधताना, मधल्या टप्प्यावर पोहोचला की तेथेच अडकेल.

पुढची आवृत्ती पाठवण्याआधी चॅनेल चालू असताना होस्टने तो काढून घेतल्याची चाचणी एआरएमवरही करून पाहा. मालिका आली की मी ती त्याच आठवड्यात वाचेन.

तुझा शुभचिंतक