सभागृहातले श्रोते आणि पडद्यापलीकडचे श्रोते: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात दर हिवाळ्यात पाच दिवसांची व्याख्यानमाला होते. सभागृहात सुमारे दीडशे खुर्च्या आहेत. यंदा दोन वक्ते परगावाहून झूमवर बोलणार आहेत, आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्या जुन्या सभासदांना घरबसल्या व्याख्याने ऐकता यावीत, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा आहे. गेल्या वर्षी असा प्रयत्न केला, तेव्हा दूरच्या वक्त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता आणि सभागृहात अधूनमधून माइक शिट्टी मारत होता. साउंडवाल्यांनी इंटरनेटला दोष दिला. यंदा काय काळजी घ्यावी?
– एका ग्रंथालयाच्या कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ इंटरनेटमध्ये नसून जोडणीत आहे, आणि ती सुधारण्यासाठी फारसा खर्च येणार नाही. दूरच्या वक्त्याचा आवाज लॅपटॉपमधून मिक्सरमध्ये, म्हणजे सर्व माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात, येतो आणि तेथून स्पीकरवर जातो. सभागृहातला आवाज त्या वक्त्याकडे पाठवण्यासाठी मिक्सरचे मुख्य आउटपुटच लॅपटॉपला जोडले असेल, तर वक्त्याचे स्वतःचे शब्दही त्याच तारेने त्याच्याकडे परत जातात. जाण्यायेण्याचा वेळ धरून ते थोडे उशिरा पोहोचतात, आणि आपलेच वाक्य असे मागून कानावर येऊ लागले की कसलेला वक्ताही अडखळतो. यावर उपाय एकच आहे: दूरच्या वक्त्याकडे त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सर्व आवाज गेले पाहिजेत.

हे साधण्यासाठी मिक्सरवर ‘ऑक्स’ नावाची जी वेगळी वाट असते, ती वापरावी. प्रत्येक चॅनेलच्या पट्टीवर ऑक्सचे एक छोटे बटण असते. व्यासपीठावरच्या माइकची ही बटणे गरजेपुरती वर घ्यावीत, ज्या चॅनेलवर लॅपटॉपचा आवाज येतो त्याचे बटण मात्र शून्यावर ठेवावे, आणि लॅपटॉपला मुख्य आउटपुटऐवजी ही ऑक्सची तार द्यावी. एवढ्याने परतीचा मार्ग तारेपुरता बंद होतो. जे थोडे उरते ते स्पीकरमधून व्यासपीठावरच्या माइकमध्ये शिरते. म्हणून दूरचा वक्ता बोलत असताना व्यासपीठावरचे माइक बंद ठेवावेत आणि स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या दिशेने तोंड करून ठेवावेत. माइक शिट्टी मारतो तो बहुधा स्पीकर त्याच्या मागे किंवा शेजारी असल्यामुळे. आणखी एक कारण तपासून पाहावे. सभागृहातल्या एखाद्या स्वयंसेवकाने दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर तीच सभा उघडून त्याचा आवाज चालू ठेवला, तरी लगेच घुमायला लागते. सभागृहात आवाज एकाच यंत्राचा चालू असावा; बाकीच्या यंत्रांवर नुसता माइक बंद करणे पुरेसे नसते, त्यांनी सभेच्या ऑडिओतूनच बाहेर पडावे.

ही ऑक्सची वाट प्रतिध्वनी थांबवण्यापुरतीच उपयोगी आहे असे समजू नये. माझ्या मते साऱ्या नियोजनाचा पाया तीच आहे. सभागृहातल्या माणसाला वक्त्याचा मूळ आवाज, स्पीकरचा आवाज आणि भिंतींवरून येणारा नाद हे सारे एकत्र ऐकू येते, आणि त्यातले हवे ते निवडण्याचे काम त्याचे कान आपोआप करतात. ऑनलाइन श्रोत्याच्या वाट्याला फक्त तारेतून आलेला आवाज येतो. त्यामुळे सभागृहासाठी केलेले मिश्रण त्याच्यासाठी बहुतेक वेळा चुकीचे असते. ज्या वक्त्याचा आवाज मुळात खणखणीत आहे, त्याचा माइक साउंडवाले सभागृहासाठी कमी करतात. सभागृहात ते बरोबरच असते, पण ऑनलाइन तोच वक्ता पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. म्हणून दोन श्रोतृवर्गांसाठी दोन मिश्रणे करावीत, आणि शक्यतो दुसऱ्या मिश्रणाची जबाबदारी वेगळ्या माणसाकडे द्यावी. त्याने शेवटपर्यंत कानाला हेडफोन लावून बसावे आणि सभागृहाकडे लक्ष देऊ नये.

चॅनेलचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीला फेडर म्हणतात. ऑक्सला त्या फेडरच्या आधीचा आवाज घेणारा ‘प्री-फेडर’ आणि नंतरचा घेणारा ‘पोस्ट-फेडर’ असे दोन प्रकार असतात. प्री-फेडर ठेवले की साउंडवाल्यांनी सभागृहासाठी फेडर वरखाली केला तरी ऑनलाइन आवाज स्थिर राहतो, म्हणून तेच घ्यावे. मात्र त्याचा एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. फेडर खाली ओढला तरी तो माइक ऑनलाइन श्रोत्यांसाठी उघडाच राहतो, आणि आभार चालू असताना मागे अध्यक्ष व कार्यवाह यांच्यात मानधनाच्या पाकिटाविषयी जे बोलणे चालते ते परदेशापर्यंत पोहोचते. माइक बंद करायचा तो म्यूटचे बटण दाबूनच, हे साउंडवाल्यांना आधी स्पष्ट सांगावे, आणि आपल्या मिक्सरवर म्यूट केल्यावर ऑक्सचाही आवाज जातो ना, हे तालमीत ऐकून खात्री करून घ्यावी.

मिक्सरची तार थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रात घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडावी. ते छिद्र मोबाइलच्या हेडसेटमधल्या छोट्याशा माइकसाठी असते. मिक्सरचा आवाज त्याच्या मानाने फार जोरकस असल्याने तो फाटतो. यूएसबीने जोडता येणारा मिक्सर किंवा मिक्सरचा आवाज यूएसबीने लॅपटॉपला देणारी डबी, म्हणजे साधा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, घ्यावा. लॅपटॉपचा चार्जर लावल्याबरोबर स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला, तर मिक्सर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या प्लगांवर आहेत का ते पाहावे आणि दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत. तेवढ्याने भागले नाही तर आवाजाच्या तारेत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा; तो दोन यंत्रांमधला थेट विद्युत्‌संबंध तोडून नुसता आवाज पुढे पाठवतो. हा आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये; माइक हातात धरलेल्या माणसाला त्याने शॉक बसू शकतो.

चित्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण व्याख्यानात त्याचे महत्त्व खरोखरच दुय्यम आहे. कॅमेरा श्रोत्यांच्या डोक्यांवरून वक्त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल असा उंच तिकाटण्यावर ठेवावा. वक्त्यामागचा चकचकीत फ्लेक्स दिव्याने झळकतो आणि चेहरा काळा पडतो. कापडी फलक घ्यावा किंवा दिवा वक्त्याच्या समोरून, थोडा बाजूला द्यावा. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने कॅमेऱ्यात सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवला, की एलईडी दिव्यांमुळे चित्रावर सरकणारे काळे पट्टे बहुधा येत नाहीत. कॅमेऱ्याची साधी एचडीएमआय तार सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊ नये. १०-१५ मीटरच्या पुढे तिचा भरवसा नसतो; त्यापेक्षा लॅपटॉपच कॅमेऱ्याजवळ ठेवावा. कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपमध्ये आवाजापेक्षा थोडे उशिरा पोहोचते, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. तालमीत कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून तिचे ध्वनिचित्रमुद्रण करावे, आणि टाळी जितकी आधी ऐकू येते तितका आवाज ओबीएससारख्या विनामूल्य प्रणालीत मागे ढकलावा.

प्रश्न: मी निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीत राहतो आणि पुण्या-मुंबईतली व्याख्याने ऑनलाइन ऐकतो. भाषण नीट ऐकू येते; पण प्रश्नोत्तरे सुरू झाली की प्रश्न कानावर येतच नाही, नुसती उत्तरे येतात. आम्ही चॅटवर लिहिलेले प्रश्नही कोणी वाचत नाही. आयोजकांना आपण काही सांगाल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: आपली तक्रार रास्त आहे, आणि ती मी येथे आयोजकांना उद्देशूनच लिहितो. महाराष्ट्रात व्याख्यानाची परंपरा माइकहून जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा टेलिफोनचे पेटंटसुद्धा निघालेले नव्हते. त्यामुळे “माझा आवाज पोहोचतो, मला माइक नको” असे म्हणणारे वक्ते आणि जागेवरून उठून मोठ्याने प्रश्न विचारणारे श्रोते आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि सभागृहापुरते त्यांचे खरेही असते. पण जो आवाज माइकमध्ये गेला नाही, तो पडद्यापलीकडच्या श्रोत्यासाठी उच्चारलाच गेलेला नसतो.

श्रोत्यांमध्ये फिरवण्यासाठी एक कॉर्डलेस माइक आणि तो धावत नेऊन देणारा एक स्वयंसेवक एवढी व्यवस्था कोणत्याही संस्थेला परवडते. माइक हातात आल्याशिवाय प्रश्न विचारू नये, अशी विनंती सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच करावी; आणि तरीही कोणी मध्येच बोलले, तर उत्तरापूर्वी वक्त्याने किंवा सूत्रसंचालकाने तो प्रश्न माइकवर पुन्हा सांगावा. छताला एखादा माइक टांगून सर्वांचे प्रश्न टिपता येतील अशी काहींची कल्पना असते. प्रश्नकर्ता आणि माइक यांच्यातले अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, पंख्यांचा आवाज आणि सभागृहाचा घुमारा मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे त्या माइकमधून शब्दांऐवजी गोंगाटच अधिक येतो.

चॅटवरचे प्रश्न वाचण्यासाठी एक माणूस नेमलेला असावा आणि त्याला व्यासपीठावर माइकसह जागा द्यावी. मागच्या रांगेत बसून चिठ्ठ्या पाठवल्याने काही होत नाही. सभागृहातले दोन प्रश्न झाले की ऑनलाइन आलेला एक घ्यावा, असा क्रम मी सुचवेन. यूट्यूबवर प्रक्षेपण असेल तर कमी विलंबाची सोय निवडली तरी दृश्य काही सेकंद उशिरा पोहोचते, तेव्हा “ऑनलाइन कोणाचा प्रश्न आहे का” असे विचारून लगेच “नाही वाटते” म्हणून पुढे जाऊ नये. आणि निमंत्रणपत्रिकेवर केवळ भारतीय वेळ छापू नये, हेही आवर्जून सांगावेसे वाटते. पुण्यातला सायंकाळी ६.३० चा कार्यक्रम न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी ९ ला आणि हिवाळ्यात सकाळी ८ ला सुरू होतो. घड्याळे बदलण्याच्या आठवड्यात यावरूनच अनेकांचे व्याख्यान चुकते.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या परिसंवादाचे प्रथमच थेट प्रक्षेपण करायचे आहे. किती वेगाचे इंटरनेट लागेल? वीज गेली तर काय करावे?
– एक प्राध्यापक, लातूर

उत्तर: डाउनलोडचा वेग कितीही असला तरी येथे त्याचा उपयोग नाही, अपलोडचा पाहावा. ७२० पी चित्रासाठी प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला ३ मेगाबिटच्या आसपास ठेवावा आणि प्रत्यक्ष मिळणारा अपलोड वेग त्याच्या किमान दुप्पट असावा. परिसंवादाला ७२० पी पुरते. वेगाची चाचणी त्याच सभागृहात, कामकाजाच्या वेळी, महाविद्यालयाचे सर्व विद्यार्थी नेटवर असताना घ्यावी. लॅपटॉपला इंटरनेट तारेनेच द्यावे, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डाचा हॉटस्पॉट तयार ठेवावा.

वीज गेली तरी लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. त्यामुळे राउटर, मिक्सर आणि कॅमेरा यूपीएसवर असावेत. जनित्र सुरू होईपर्यंतची एक-दोन मिनिटे निभावली की पुरे. यूट्यूब वाहिनीवर थेट प्रक्षेपणाची सोय प्रथमच सुरू करताना परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा हे काम परिसंवादाच्या दिवशी सकाळी काढू नये.

प्रश्न: मी गायन शिकवते. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम सभागृहात आणि झूमवर एकाच वेळी केला, तेव्हा परदेशातल्या पालकांना तानपुरा ऐकूच आला नाही आणि गाण्याचा आवाज मध्येच बारीक, मध्येच मोठा होत होता. पुढच्या वर्षी परदेशातल्या शिष्येने तिकडून गावे आणि इकडून तबल्याची साथ व्हावी, असाही विचार आहे. ते जमेल का?
– एक संगीत शिक्षिका, म्हापसा

उत्तर: झूमसारख्या प्रणाली बोलण्यासाठी बनवलेल्या आहेत. एकसारखा अखंड चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा वातानुकूलन यंत्राची घरघर, असे गृहीत धरून त्या तो पुसून टाकतात, आणि तानपुऱ्याचा स्वभाव तर अखंड एकसारखे झंकारण्याचाच. ज्या स्वराच्या आधाराने सारे गाणे उभे असते, तोच अशा रीतीने गळून जातो, याचे मला फार वाईट वाटते. आवाजाची पातळी आपोआप जुळवण्याची सोयही गाण्याला मारक ठरते: खर्जातला संथ आलाप ती वर उचलते आणि जोरकस तान आली की खाली दाबते. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ असा पर्याय आहे. तो सुरू करावा आणि माइकची पातळी आपोआप बदलण्याची खूण काढून टाकावी. सभा सुरू झाल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तो पर्याय चालू असल्याचे दिसते आहे ना, तेही पाहावे. तानपुऱ्याला स्वतंत्र माइक द्यावा, आणि ऑनलाइन मिश्रणात तो सभागृहापेक्षा किंचित वर ठेवावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर त्याची तार थेट मिक्सरला द्यावी.

तिकडे गायन आणि इकडे साथ हे मात्र जमणार नाही, आणि यात कोणाच्या यंत्रसामग्रीची उणीव नाही. लयीत एकत्र वाजवण्यासाठी दोघांमधला विलंब साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो; दहा मीटर अंतरावर बसलेल्या माणसाचा आवाज हवेतून यायला सुमारे तेवढाच वेळ लागतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तार अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी एका बाजूने जायलाच ६० मिलिसेकंदांहून अधिक लागले असते. प्रत्यक्षात मधली यंत्रे आणि प्रणाली यांमुळे हा विलंब त्याच्या दुपटी-तिपटीवर जातो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकदा निसटली की प्रत्येक आवर्तनात ती आणखी मागे पडत जाते.

त्याऐवजी शिष्येला तिच्याकडे एखादा तबलावादक मिळत असेल तर साथ तिकडेच असावी. नसेल तर आपल्या तबलावादकाकडून ठेका आधी मुद्रित करून तिला पाठवावा, तिने तो आपल्याकडे लावून त्यावर गावे, आणि तिचा व ठेक्याचा आवाज एकत्रच इकडे यावा. तिने हेडफोन लावावा, म्हणजे सभागृहातला आवाज तिच्या माइकमध्ये शिरणार नाही. आणि गाणे चालू असताना इकडचे माइक बंद ठेवले, तरी संपल्यावर ते लगेच उघडावेत, नाहीतर सभागृहातल्या टाळ्या तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.