कॅमेऱ्याबाहेरची बॅग

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची, वय २३. सप्टेंबरच्या २० तारखेला एम.एस.साठी बर्लिनला आले. पुण्यात चार वर्षं होस्टेलवर काढली होती, त्यामुळे घर सोडण्याचं काही वाटणार नाही असा समज होता. लिख्टेनबर्गला तीन महिन्यांसाठी पोटभाड्यानं खोली मिळालीय, महिना ६९० युरो. आता खोली देणारा मुलगा म्हणतो, "राहा, पण या पत्त्यावर रजिस्ट्रेशन करायचं नाही." मला नेटवर प्रेन्झ्लाउअर बेर्गमध्ये ४५० युरोत अख्खा फ्लॅट दिसलाय. मालक सध्या परदेशी आहेत, दोन महिन्यांचं डिपॉझिट भरलं की किल्ली कुरिअरनं पाठवतो म्हणतात. भरू का? वर्गात दोन आठवडे झाले तरी कुणी आपणहून बोललेलं नाही. रूममेट "हालो" म्हणतो आणि दार लावून घेतो. मी अजून बॅगेतूनच कपडे काढते. आईला व्हिडिओ कॉल करताना फोन असा धरते की बॅग दिसणार नाही. बाबांनी कर्ज काढलंय, त्यांना काय सांगू? माझं काही चुकलं का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : डिपॉझिट भरू नकोस. एवढं एक वाक्य मी तुला त्याच दिवशी ई-मेलनं कळवलं होतं, कारण अंक निघेपर्यंत तू पैसे घालवून बसली असतीस. बाकीचं सावकाश बोलू.

प्रेन्झ्लाउअर बेर्गमध्ये ४५० युरोत अख्खा फ्लॅट म्हणजे दादरला स्टेशनसमोर तीन हजारांत वन बीएचके. परदेशात असलेला मालक आणि कुरिअरनं येणारी किल्ली, ही जोडी मी इथे वर्षानुवर्षं बघतेय. दर ऑक्टोबरला कुणीतरी पोर त्यात अडकतं. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक सेंटही द्यायचा नाही. इथला कायदाही तुझ्या बाजूनं आहे. डिपॉझिट, म्हणजे इथलं काउत्सिओन, मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही. शिवाय भाडेकरूला ते तीन समान हप्त्यांत भरता येतं आणि पहिला हप्ता भाडं सुरू होईल तेव्हाच द्यायचा असतो. हे ठाऊक आहे असं नुसतं दाखवलंस तरी निम्मे भामटे पळतात.

आता लिख्टेनबर्गचा मुलगा. इथे नव्या घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. त्यालाच आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्यानं एक कागद द्यायचा असतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. (हा शब्द एका दमात म्हणायला मला सहा महिने लागले.) हा कागद देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, ती काही मेहेरबानी नव्हे. तो नाही म्हणतोय याचा अर्थ बहुधा एवढाच, की त्यानं मूळ मालकाला न विचारता तुला खोली दिलीय आणि आता घाबरतोय. भांडू नकोस. कागद लागणार आहे हे त्याला लेखी कळव आणि दुसरी खोली शोधायला लाग. नोंदणीचा कागद नसेल तर टॅक्स नंबर येत नाही आणि रहिवासी परवान्याचा अर्ज अडतो. पुढे अर्धवेळ काम धरशील तेव्हाही हाच दगड वाटेत असेल. आणि अपॉइंटमेंटसाठी तुझ्या भागातलंच ब्युर्गरआम्ट, म्हणजे नोंदणीचं नागरी कार्यालय, धरून बसू नकोस, बर्लिनमधलं कुठलंही चालतं.

खोली कशी शोधायची? श्टुडीरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिच्या वसतिगृहाच्या यादीत आजच नाव घाल. रांग मोठी आहे, पण मार्चअखेर सेमेस्टर संपलं की खोल्या रिकाम्या होतात. तोवर वेगे, म्हणजे चारपाच जणांनी मिळून घेतलेलं घर. आणि तिथे खोली मिळवायची म्हणजे चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो. हसू नकोस, मी तीन ठिकाणी "बघून" नापास झालेय. स्वयंपाकघरात बसवतात, चहा देतात आणि विचारतात : किती वाजता उठतेस, रात्री गाणी लावतेस का, संडास धुण्याची पाळी जमेल का. आपली मुलं अर्जात बायोडेटा पाठवतात, टक्के आणि सीजीपीए लिहून. ते तिथे कुणीही वाचत नाही. तू काय रांधतेस, रविवारी काय करतेस, कशानं हसतेस, हे पाच ओळींत लिही. आणि शेवटची ओळ : इथे आनमेल्डुंग होईल ना?

यात महिना-दोन महिने जातील. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरून आली असशील. त्यातून महिन्याला ९९२ सुटतात आणि ६९० खोलीत जातात, म्हणजे तू सध्या काय खात असशील याचा अंदाज मला आहे. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवत जा. बर्लिनच्या मेन्सांमध्ये आता बहुतेक पदार्थ शाकाहारीच असतात, पोट स्वस्तात भरतं. भाजीला मंगळवारी नाहीतर शुक्रवारी मायबाखउफरच्या तुर्की बाजारात जा, कालव्याच्या काठाला भरतो. उठत्या बाजाराला जायचं, संध्याकाळी. तेव्हा विक्रेते पेट्याच्या पेट्या एकेक युरोत ओरडून विकतात. कोथिंबीर मात्र नाकाला लावून घे. पहिल्या महिन्यात मी हौसेनं दोन जुड्या आणल्या, निवडल्या, बारीक चिरून आमटीवर घातल्या आणि पहिल्या घासाला कळलं की ही पार्सली. दिसते हुबेहूब तशीच. त्या आमटीपाशी बसून मी जेवढी रडले तेवढी विमानतळावरही रडले नव्हते.

तेव्हा तुझं काही चुकलेलं नाही. पुण्याच्या होस्टेलवर मेसची घंटा होती, शेजारच्या खोलीत कोल्हापूरची मुलगी होती, कुणीतरी ओढून चहाला न्यायचं. इथे कुणी ओढून नेत नाही. वर्गातली मुलं तुला टाळत नाहीत, त्यांना तू अजून दिसलेलीच नाहीस. जर्मन माणूस पहिल्या भेटीत बोलत नाही, सातव्या भेटीत बोलतो, असा माझा अनुभव. म्हणून तुला सात भेटी होतील अशी जागा हवी. दर आठवड्याला, एकाच वारी, एकाच वेळी. विद्यापीठाच्या खेळवर्गांत विद्यार्थ्यांना फी कमी असते, पण जागा पटापट भरतात, तेव्हा नोंदणी उघडेल त्या दिवशी लॅपटॉप उघडून बस. नाहीतर फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे मोठ्यांसाठीच्या सरकारी शिक्षणकेंद्राचा, जर्मनचा संध्याकाळचा वर्ग. बर्लिनच्या बाराही जिल्ह्यांत एकेक आहे. मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असू दे, तांदूळ कुठे मिळतो ते तिथेच कळतं. पण संध्याकाळी सहाला खोलीत बसून त्याच ग्रुपवर स्क्रोल करणं म्हणजे सोबत नव्हे.

हे पत्र छापून येईल तेव्हा घड्याळं मागे गेली असतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती एक तास मागे होतात आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांवर जातं. आई रात्री साडेनऊला मोकळी होत असेल तर तुझे आत्ता सहा वाजतात, मग पाच वाजतील. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणजे तू अंधारातच तिच्याशी बोलशील. त्याची आत्ताच तयारी ठेव : दुपारचं ऊन दिसलं की बाहेर पडायचं, लेक्चर असलं तरी मधल्या सुट्टीत. आणि त्या अंधारात उठावंसंच वाटेनासं झालं, जेवण सुटलं, तर श्टुडीरेंडेनवेर्कचं समुपदेशन आहे, मोफत. तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आईला बॅग दाखव. कर्जाचा हप्ता, खोलीचा घोळ, सगळं एका दमात सांगायला मी म्हणत नाही. त्यानं त्यांची झोप जाईल आणि खोली मिळणार नाही. पण बॅग दाखव. "अजून कपाट नाही मिळालं," एवढंच म्हण. आयांना अर्ध्या गोष्टी आधीच कळलेल्या असतात, उरलेल्या अर्ध्या विचारायला त्यांना दार लागतं. माझ्या आईनं माझ्या बॅगेकडे बघून पहिला प्रश्न विचारला होता : "कुकर खाली ठेवलास की वर?"

त्या कुकरचंही सांगते. २००४ साली मी बर्लिनच्या वेडिंग भागात चौथ्या मजल्यावर राहायचे. भिंती पातळ, रविवारी अख्ख्या इमारतीत चिडीचूप. मी डाळभात लावला, पहिली शिट्टी झाली आणि दार वाजलं. शेजारच्या आजी, चेहरा पांढराफटक. माझं जर्मन तीन महिन्यांचं. शेवटी त्यांना हाताला धरून ओट्यापाशी नेलं, कुकर दाखवला आणि तीन बोटं वर केली : द्राय. त्या गंभीरपणे मान हलवून गेल्या. पुढच्या रविवारी तिसरी शिट्टी झाली आणि भिंतीवर पलीकडून टकटक ऐकू आली. तीनदा.

मग दर रविवारी. तू कुकर आणला आहेस की नाही, ते पत्रात लिहिलेलं नाहीस.