जांभ्याच्या घराला गिलावा: ठेव मोडावी का?

दापोली तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न: बाहेरून चिरा उघडाच आहे. चारही भिंतींना गिलावा आणि रंग, 1,800 चौरस फूट, 110 रुपये दराने 1 लाख 98 हजार. पावसाआधी उरकायचं आहे. 5 लाखांची मुदत ठेव मोडू की पतपेढीचं कर्ज काढू?

गुरुजी, दोन्ही नको. आणि या मे महिन्यात तर गिलावाच नको.

आधी भिंत बघा. ओल बारा महिने जोत्यापासून गुडघ्याएवढीच चढत असेल, तर ती जमिनीतून येते आणि गिलाव्याने थांबत नाही. पावसातच येत असेल, तर झडीची. झड आपल्याकडे पश्चिमेकडून नि दक्षिणेकडून बसते. त्या दोन भिंती तुमच्या हिशोबाने 850 चौरस फूट, म्हणजे 93,500 रुपये. पूर्वेला आणि उत्तरेला चिऱ्यांच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरून घेतल्या तरी पुष्कळ झालं.

आता पैसा. तीन वर्षांच्या ठेवीचे 22 महिने झालेत. आज मोडली तर बँक 7 टक्के देणार नाही. 22 महिन्यांचा दर पावणेसात धरला आणि एक टक्का दंड वजा केला, तर अकरा हजारांच्या वर व्याज गेलं. वर काकूंच्या औषधपाण्याला हाताशी असलेली एकमेव पुंजी फुटली. पतपेढीचे 2 लाख 13 टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता 6,740 रुपये, व्याज 42 हजारांवर. पेन्शनीतून खर्च जाऊन तुमच्याकडे उरतात आठ हजार. हा हप्ता मला झेपणारा वाटत नाही.

तेच आठ हजार दिवाळीपर्यंत बाजूला टाका. पाच महिन्यांत 40 हजार होतील. उरलेल्या 53,500 साठी त्याच ठेवीवर उचल घ्या. बँका ठेवीच्या दरावर साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात. 8 टक्के धरले आणि महिना आठ हजारांनी फेडलं तर सात महिन्यांत दीड हजाराच्या आतबाहेर व्याज, आणि ठेव चालूच राहते.

यंदाच्या पावसापुरती पश्चिमेला झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधा. घाईचा गिलावा मृगात भिजतो. आणि एकदा तडकला की पाणी आत शिरून मागेच अडकतं. मग उघडा चिरा परवडला.

वाळूवर मात्र स्वतः उभे राहा. आमच्या घरी गवंड्याने खाडीची वाळू घातली. दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटले. वडील भिंतीवर बोट फिरवायचे आणि पांढरी भुकटी जिभेला लावून दाखवायचे: खारट. सगळा गिलावा उतरवावा लागला, आधीची मजुरी पाण्यात गेली. वाळू नदीची किंवा धुतलेली क्रश सँड, हे ठरावाच्या कागदावर लिहून घ्या. चिरा आधी भिजवायचा, गिलावा दोन थरांत, मग निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. मजुरीचा शेवटचा हप्ता त्या सात दिवसांनंतरच द्या.