घरात माणसं किती, हा प्रश्न नंतरचा

एकट्याने मूल वाढवताय म्हणून त्याच्यात काही उणं राहील, ही धास्ती आधी सोडा. घरात माणसं किती, यापेक्षा त्यांच्यात रोज काय चालतं याचा मुलावर जास्त परिणाम होतो. आई-बाप दोघं असूनही सतत कडाक्याची भांडणं असतील तर मूल बिथरतंच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या: हुकूम सोडणारे, मोकाट सोडणारे आणि माया-शिस्त दोन्ही राखणारे. दुर्लक्ष करणाऱ्यांची चौथी तऱ्हा १९८३मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत आली. तुम्ही तिसरी धरा. सांगायला सोपं आहे, संध्याकाळी दमून आल्यावर भलतंच अवघड!

मोबाइल काढून घेतला आणि पोराने आदळआपट केली, तर "राग आलाय ना, कळतंय मला" म्हणा, जवळ बसा. पण मोबाइल देऊ नका. तुम्ही नाही म्हटलेलं आजी-आजोबांनी गुपचूप दिलं, तर कुणापुढे रडायचं हे ते पटकन शिकतं. त्यांच्याशी बोला, पण मुलासमोर नको. थोडी कुरबुर होईल, होऊ द्या.